माहेरचं खरेदीखत

१

मंगळवारी सकाळी नेलिदाबाईंनी कपाट उघडलं, तेव्हा निळी फाइल जागेवर नव्हती.

त्यांनी वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग खुर्चीत बसून चष्मा पुसला आणि तेच सगळं पुन्हा एकदा पाहिलं. कार्मेलो गावात नेलिदा उर्तुबे बत्तीस वर्षं नोटरीचं काम करत होत्या. गावातली निम्मी घरं त्यांच्या सहीनं हातोहात फिरली होती आणि आजवर त्यांच्याकडून कागदाचं चिटोरंही गहाळ झालेलं नव्हतं.

फाइल झुलमा इरिगारायच्या घराची होती. झुलमा जन्मानं कार्मेलोची. एकोणिसाव्या वर्षी बोटीनं नदी ओलांडून पलीकडच्या देशात, ब्वेनोस आयरेसला गेली, तिथल्या नाटकमंडळ्यांचे कपडे शिवण्यात तिचा जन्म गेला. आता साठाव्या वर्षी तिला गावातलं बापाचं घर परत घ्यायचं होतं. बँकेच्या लेखी मात्र ती परदेशी राहणारी बाई. गावच्या माणसाला एका कागदावर कर्ज मिळतं, तिथं हिच्याकडे चाळीस कागद मागितले. पगाराचे दाखले, त्यावर दोन्ही देशांचे शिक्के, आयुष्याचा विमा, रक्ततपासणी. चार महिने रखडवून बँकेनं निम्म्या किमतीचं कर्ज मंजूर केलं, तेही सत्तरीच्या आत फेडायच्या अटीवर. मंजुरीचं पत्र येत्या शुक्रवारपर्यंतच चालणार होतं. शुक्रवारी सही झाली नाही, तर कर्ज गेलं आणि इसारही गेला.

ते पत्र फाइलमध्ये होतं. झुलमाचे सगळे दाखले होते. आणि घराची जुनी खतं होती, विकणाऱ्यानं आणून दिलेली. मागल्या तीस वर्षांत घर कुणाकडून कुणाकडे गेलं, हे त्यात होतं. त्र्याऐंशी साली सेलेस्तिनो इरिगारायकडून, मुलाच्या मुखत्यारीनं, थोरल्या बोनेकडे. थोरल्या बोनेच्या पश्चात त्याच्या मुलाकडे, म्हणजे आता घर विकणाऱ्या रोमुलो बोनेकडे. सहीच्या दिवशी नेलिदाबाई ही सारी वंशावळ नव्या खतासकट मोठ्यानं वाचून दाखवत.

सोमवारी सकाळी दहा वाजता फाइल टेबलावर होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यानंतर तीन माणसं येऊन गेली. दाराचं कुलूप शाबूत होतं, खिडक्या शाबूत होत्या. म्हणजे फाइल नेलिदाबाईंच्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या गेली होती.

आणि झुलमा अकराच्या बोटीनं उतरणार होती.

२

झुलमा आली ती हातात एकच पिशवी घेऊन. सडपातळ बाई, केस घट्ट बांधलेले, बोटांना सुयांचे जुने घट्टे. आतल्या खोलीत खिडकीशी बसली. नेलिदाबाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

झुलमानं आदळआपट केली नाही. ती खिडकीतून खालच्या ओढ्याकडे वळली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "इतक्या सरळ मिळेल कसं?"

"मिळेल. शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत. मला एक सांगा, हे घर तुम्हाला मिळू नये असं वाटणारं कोण आहे?"

"मिळू नये म्हणणारा होता तो मेला." झुलमानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "माझा बाप. ओढ्यावरचा पूल फिरवायचा तो. शिडाची बोट आली की चौघं जण दांड्याला छाती लावून पूल बाजूला सारायचे. तो परत मिटताना करकरायचा ना, त्या आवाजावर आई चूल पेटवायची. बाप पंधरा मिनिटांत घरी. मी ब्वेनोस आयरेसला गेले तेव्हा म्हणाला, जा, घर कुठं पळून जात नाही. आणि त्र्याऐंशीत विल्मारचं पत्र आलं. बाबांनी घर घोड्यांच्या शर्यतीत घालवलं म्हणून."

विल्मार म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो गावातच राहिला होता.

"मी बापाला एक ओळ लिहिली नाही. दोन महिन्यांत तो भाड्याच्या खोलीत मेला, तर मातीला आले नाही. पण घर काही सुटेना. दर उन्हाळ्यात यायचे, हॉटेलात राहायचे, आणि घरासमोरून एकदा वर, एकदा खाली चालत जायचे. अंगणातला द्राक्षांचा मांडव रस्त्यावरून दिसतो. तेवढा बघायचा आणि बोट धरायची. घर विकायला निघालंय हे विल्मारनंच कळवलं. लिहिलं होतं, ये आता, पुरे झालं."

इतक्यात बाहेरचं दार वाजलं. घरांचे व्यवहार जमवणारा दलाल वॉशिंग्टन पेइरानो आला होता. अंगावर पांढरा सदरा, काखेत कातडी बॅग. या माणसाच्या आजोबाचं नाव नेपोलियन होतं आणि घराण्यात कुणीच नावाला जागलं नाही, असं गावात म्हणत.

नेलिदाबाई बाहेर गेल्या. वॉशिंग्टन त्यांच्या कानाशी लागला. "तुम्ही सकाळी रोमुलोला फोन केलात, त्यानं सांगितलं. फाइल गेली म्हणे? बाईला इतक्यात कळू देऊ नका. घाबरेल आणि व्यवहार मोडेल."

"बाईला कळलंय," आतून झुलमाचा आवाज आला. "आणि बाई घाबरत नाही."

वॉशिंग्टन चपापला. मधे दोन दारं आणि एक बोळ होता.

"तीस वर्षं पडद्यामागे काढलीत," झुलमा आतूनच म्हणाली. "रंगमंचावर नटाचा श्वास चुकला तरी मला कळायचं, की याची गुंडी तुटलीय. या बाहेरच्या कुजबुजीचं काय घेऊन बसलात?"

नेलिदाबाईंना कुठंतरी काहीतरी खटकलं. काय ते उमगेना. तेवढ्यात वॉशिंग्टन खाकरला. "आता लपवण्यात अर्थ नाही. या घरावर दुसऱ्याचा डोळा आहे. ब्वेनोस आयरेसचा एक दंतवैद्य. तो रोख देतोय आणि जास्त देतोय."

"हे तुम्हाला कसं माहीत?" नेलिदाबाईंनी विचारलं.

वॉशिंग्टननं बॅग दुसऱ्या काखेत घेतली. "त्याला घर मीच दाखवलं."

३

मार्च महिना. रोमुलो बोनेच्या मळ्यात द्राक्षांची तोडणी जोरात होती. नेलिदाबाईंना पाहून तो पाट्या टाकून आला. साठीचा, पिंपासारखा माणूस. दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झालेले.

"मीच चोरली म्हणा आणि मोकळ्या व्हा," तो म्हणाला. "सगळं गाव तेच म्हणणार."

"दंतवैद्याची गोष्ट मला सांगितली नाहीत."

"काय सांगायचं? शब्द झुलमाला दिलाय. पण खोटं कशाला बोलू? शुक्रवार टळला असता तर मी रडलो नसतो. दंतवैद्य जास्त देतोय. मला पोरीचं लग्न आहे आणि पिंपं बदलायचीत."

"सोमवारी तुम्ही आलात, तेव्हा मी तुमच्या ओळखपत्राची प्रत काढायला आत गेले होते. चांगली दोन मिनिटं."

"गेल्या होतात. मी तिथंच खांबासारखा उभा होतो. हात हे असे, कशाला हात लावायची सोय नव्हती. तुमच्या अर्जावर सही करताना अंगठा उमटला तर तुम्हीच बोललात मला."

ते खरं होतं. अर्जावर जांभळा अंगठा होता. ते डाग तोडणी संपल्यावरही आठवडाभर जात नाहीत.

"आणि एवढं डोकं मलाही आहे, नोटरीबाई," रोमुलो पुढे म्हणाला. "फाइलमध्ये माझ्या घराची जुनी खतं होती. ती गेली तर झुलमाला विकता येणार नाही, तसं दंतवैद्यालाही नाही. राजधानीतून नव्या नकला आणवायच्या म्हणजे तीन महिने. मी बापाच्या मागे दोन तुकडे विकलेत, तेव्हा त्या कागदांसाठी जोडे झिजवलेत. माझ्याच पायावर मी धोंडा कशाला पाडून घेईन?"

परत येताना नेलिदाबाई रस्ताभर एकच हिशेब मांडत होत्या. रोमुलोला व्यवहार लांबला तर फायदा, पण खतं गेली तर तोटा. वॉशिंग्टनचंही तेच, कारण घर कुणीही घेवो, टक्का त्याचा, पण खतांशिवाय टक्का कशावर? सोमवारी वॉशिंग्टननं दंतवैद्याचं नाव न घेता आतल्या खोलीतला फोन मागितला होता आणि नेलिदाबाईंनी स्वतः नंबर लावून दिला होता. नंबर लागेपर्यंत तो बाहेर टेबलापाशी एकटाच होता.

मग उरला विल्मार. पण बहिणीला बोलावणारा तोच होता. सोमवारी तो काखेत थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू काढ्याचा पेला घेऊन आला होता. गप्पा मारल्या, पाणी निवलं म्हणाला. नेलिदाबाईंनी चुलीवरून गरम पाणी आणून दिलं. पाणी तापेपर्यंत तो एकटाच बाहेर होता.

तिघांनाही संधी मिळाली होती. कारण मात्र एकाचंही बसत नव्हतं.

४

बुधवारी सकाळी दाराखालून आत सरकवलेलं एक जाड पाकीट पायात आलं.

आत बँकेचं मंजुरीपत्र होतं. झुलमाचे पगाराचे दाखले, शिक्क्यांसकट. विम्याचा कागद. रक्ततपासणी. सगळं क्रमानं लावलेलं, स्वच्छ, कोपरा दुमडलेला नाही की डाग नाही. जुनी खतं तेवढी नव्हती.

नेलिदाबाईंनी वॉशिंग्टनला बोलावून घेतलं आणि पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यानं कागद चाळले आणि धपकन खुर्चीत बसला.

"खतं कुठायत?"

"नाहीत."

"मग हे बँकेचं पत्र घेऊन काय चुलीत घालू? बँकेचा वकील मूळ खतं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टाक उचलत नाही. चोरानं परत द्यायचंच होतं, तर अर्धवट कशाला दिलं? हा काय मूर्खपणा?"

नेलिदाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "पुन्हा बोला."

"मूर्खपणा म्हटलं. राग आला का?"

"नाही. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझं काम हलकं केलंत, वॉशिंग्टन. जा आता."

तो गेल्यावर त्यांनी मातेचा पेला भरला आणि खिडकीशी बसल्या. चोराला हे घर झुलमालाच मिळायला हवं होतं. नाहीतर बँकेचं पत्र परत आलंच नसतं. ते फाडून ओढ्यात टाकलं असतं की काम झालं असतं. झुलमाच्या उपयोगाचा प्रत्येक कागद चोरानं जपून परत केला. जुनी खतं ठेवून घेतली, कारण त्याच्या मते ती नुसती जुनी रद्दी, त्यांच्यावाचून काही अडत नाही. रोमुलोला माहीत होतं की अडतं. वॉशिंग्टन तर त्यावरच जगत होता. हे माहीत नसलेला माणूस एकच.

पण रद्दीच वाटत होती, तर ठेवून का घेतली?

मंगळवारी काय खटकलं होतं, ते त्यांना आता आठवलं. सोमवारी पाणी घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा नव्हे, त्याआधी, थर्मासचं झाकण फिरवत विल्मार सहज म्हणाला होता, "झुलमाला हल्ली नीट ऐकू येत नाही, बाई. तुम्ही एवढं मोठं वाचत बसाल आणि ती लोकांत ओशाळेल. सही कुठं करायची तेवढं दाखवा, झालं."

त्यावर त्या म्हणाल्या होत्या, कायद्यानं वाचावंच लागतं, अगदी पहिल्या खतापासून, आणि मी मोठ्यानं वाचेन. मग पाणी आणायला आत गेल्या होत्या.

दोन दारांपलीकडची कुजबुज ऐकणारी बाई बहिरी नव्हती.

नेलिदाबाईंनी पेला अर्धाच ठेवला आणि छत्री घेऊन पुलाकडे निघाल्या.

५

विल्मार इरिगाराय बापाच्याच जागेवर नोकरीला होता. नुकताच पूल मिटला होता. घाम पुसत तो कठड्याला टेकला. नेलिदाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पाकीट मिळालं," त्या म्हणाल्या. "नीट लावलं होतंत."

विल्मारनं घाम पुसायचा रुमाल खिशात कोंबला.

"ती खतं नसतील तर शुक्रवारी सही होत नाही, विल्मार. बँकेला ती लागतात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं."

त्यानं कठडा सोडला. "पत्र दिलं ना पण. सगळं दिलं."

"तिचं सगळं दिलंत. त्र्याऐंशीचं खत ठेवून घेतलंत, कारण ते मी तिच्यासमोर वाचणार होते. मुलाच्या मुखत्यारीनं, असं त्यात लिहिलंय. मी ते वाचलं तेव्हा मला काही वाटलं नाही. म्हातारे मुलाला मुखत्यारी देतातच. पण झुलमाला तुम्ही शर्यतीची गोष्ट सांगितलीय. बापानं घर उडवलं असेल, तर खतावर तुमची सही कशी, हे ती तिथंच विचारणार. आणि विक्रीची रक्कम कुणाला पोचली, तेही त्यात आहे. घोड्यांच्या मैदानाला नाही. बँकेला, विल्मार इरिगारायच्या कर्जखात्यात."

खाली ओढ्यातून वाळूनं भरलेली होडी गेली.

"ट्रक घेतला होता," विल्मार म्हणाला. "डॉलरांच्या कर्जावर. सगळेच घेत होते, डॉलर हलतच नव्हता. ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात सरकारनं डॉलरचा भाव मोकळा सोडला आणि एका आठवड्यात कर्ज दुप्पट झालं. ट्रक गेला तरी भागेना. मला आत टाकणार होते. बाबा म्हणाले, घर वीक. मी नाही म्हणालो. खरंच नाही म्हणालो, बाई. त्यांनी मुखत्यारपत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, मी मरणारच आहे, तू कशाला मरतोस?"

"आणि शर्यत?"

"तीही त्यांनीच सांगितली. म्हणाले, झुलमाला लिही, म्हाताऱ्यानं घोड्यांवर घालवलं. मी आज आहे, उद्या नाही, तिनं माझा राग केला तर दोन दिवस करेल. तुझा केला तर तिला या काठावर कुणी उरणार नाही." विल्मारनं तोंडावरून हात फिरवला. "दोन दिवस म्हणाले होते. तिनं सत्तावीस वर्षं केला. प्रत्येक उन्हाळ्यात वाटायचं, आता सांगतो. मग ती बोटीत चढायची."

"याला साक्षीदार?"

"कोण असणार? तो आणि मी. तिला वाटेल, अंगावर आलं म्हणून मेलेल्याच्या नावावर ढकलतोय."

"खतं जाळलीत का?"

त्यानं थर्मासच्या कातडी पिशवीतून गुंडाळी काढून दिली. "जाळणारच होतो. मुखत्यारपत्रावर त्यांची सही आहे. हात थरथरल्यासारखी. त्यांच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नाही."

नेलिदाबाईंनी कागद मोजून पाहिले आणि पर्समध्ये ठेवले. "शुक्रवारी दहाला मी हे पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. तेवढा तुमच्याकडे वेळ आहे. तक्रार मी कुठं करणार नाही. पण तिला ते माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला लावू नका."

६

शुक्रवारी पावणेदहाला झुलमा आली. बँकेचा वकील आला, रोमुलो धुतलेल्या पण जांभळ्याच हातांनी आला, वॉशिंग्टन सर्वांच्या आधी येऊन बसला होता. विल्मार शेवटी आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. त्यानं सांगितलं की नाही, हे नेलिदाबाईंना चेहऱ्यांवरून कळेना.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. ओढ्याकडच्या रस्त्यावरचं घर, त्याच्या चारी बाजूंच्या भिंती, अंगण, विहीर. मग जुनी खतं. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरपाशी त्यांचा आवाज किंचित दबला.

"मोठ्यानं वाचा," झुलमा म्हणाली. "मला ऐकू येत नाही म्हणे हल्ली."

म्हणजे त्यानं सांगितलं होतं.

नेलिदाबाईंनी सगळं मोठ्यानं वाचलं. मुखत्यारपत्र, रक्कम, कर्जखातं.

"बाबांचं नाव पुन्हा एकदा वाचाल?"

"सेलेस्तिनो इरिगाराय, वय एकाहत्तर, पूलरक्षक, स्वखुशीनं आणि पूर्ण शुद्धीत."

"स्वखुशीनं," झुलमा म्हणाली. तिनं हात पुढे केला. नेलिदाबाईंनी मुखत्यारपत्र तिच्या हातात दिलं. त्या वाकड्यातिकड्या सहीवर ती बराच वेळ बोट टेकवून बसली, कापड किती विरलंय ते चाचपावं तशी. मग कागद परत दिला आणि दाखवलं तिथं तिथं सह्या केल्या. एकूण अकरा. वकिलानं शिक्के मारले. रोमुलोनं किल्ली टेबलावर ठेवली आणि वॉशिंग्टननं सगळ्यांचे हात दोनदोनदा हलवले.

सगळे गेले. विल्मार दाराजवळ उभाच होता.

"काल त्यानं सांगितलं तेव्हा मी ताट भिरकावलं," झुलमा नेलिदाबाईंना म्हणाली, जणू तो खोलीत नव्हताच. "रात्रभर विचार केला. बाबा खरंच तसं म्हणाले असतील का? म्हणाले असतील. तसाच होता तो. आणि नसतील म्हणाले, तर हा इतकी वर्षं खोटं बोलतोय. दोन्हीतलं काय ते मला कधीच कळणार नाही."

"नाही कळणार," नेलिदाबाई म्हणाल्या. "कागदात तेवढं नसतं."

"बापाशी सत्तावीस वर्षं बोलले नाही. आता याच्याशी सत्तावीस वर्षं अबोला धरायचा, तर तेवढा वेळ कुणाकडे आहे? बँकेनंसुद्धा मला दहाच दिलीत." ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच भावाकडे वळली. "कुठं ठेवलंयस बाबांना?"

"टेकडीवरच्या दफनभूमीत. भिंतीतल्या कोनाड्यात. वरून तिसरा."

"नाव आहे वर?"

"आहे. मीच रंगवलंय. जरा वाकडं झालंय."

"चल, दाखव. घर दुपारी बघू."

नेलिदाबाई खिडकीशी आल्या. ओढ्याकडचा रस्ता उताराला होता, पाच मिनिटांवर घर. ती दोघं उलट दिशेनं चढाला लागली. विल्मार दोन पावलं पुढे चालत होता. चौकापाशी तो थांबला. झुलमा गाठेपर्यंत तसाच उभा राहिला, आणि मग दोघं बरोबरीनं टेकडी चढू लागली.